काचेला टेकणाऱ्या पापण्या

"चष्मा वाकडा आहे."

"चष्मा सरळ आहे."

"मग पापण्या काचेला घासतात, त्या काय शेजारणीच्या आहेत?"

"लांब झाल्या असतील."

"या वयात? केस गळायला लागले, दाढ हलायला लागली, आणि पापण्यांना तेवढा बहर आला? अहो, काच बघा. कुंचला फिरवल्यासारखी झालीय. सकाळपासून पुसतेय."

"आण इकडे."

"मागच्या वेळीही 'आण इकडे'च म्हणाला होतात."

"आणतेस की येऊ तिकडे?"

काकूने चष्मा अलगद काकांच्या तळहातावर ठेवला आणि मग रिकामा हात काउंटरवर आपटला. चष्मा काकांनी स्वतः बनवलेला होता, त्यामुळे भांडणातही त्याला धक्का लागायचा नाही हा त्यांच्यातला न बोललेला करार. काकांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटून काड्यांची रेघ बघितली, बारीक चिमटा घेतला आणि नाकावर बसणाऱ्या दोन्ही मऊ गाद्या किंचित मागे वळवल्या. काच चेहऱ्यापासून केसभर लांब जावी म्हणून.

"घाल."

काकूने घातला. पापण्या दोनदा फडफडवल्या.

"आता?"

"आता बरं आहे."

"बघ! मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही म्हणत होतात, चष्मा सरळ आहे."

मी जिन्यात बसून चहा पीत होते. त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहते मी, पुतणी म्हणून फुकट. हे भांडण हा माझा सकाळचा रेडिओ होता. फक्त त्या वर्षात तेच तेच गाणं फार वेळा लागायला लागलं होतं, आणि ते मला, काकूला, काकांना, कोणालाच खटकलं नाही.

त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, एक दार आणि दोन पाट्या. डावीकडे काकांचे चष्मे: भिंतभर फ्रेमा, भिंगांचे डबे, लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. उजवीकडे खिडकीपाशी काकूचं स्टूल, सुयांची गादी आणि धाग्यांची पेटी. काकू रफू करते. काका नव्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंची ओळख एका वाक्यात करून देतात. "माझ्याकडे न दिसणारं दिसायला लागतं, हिच्याकडे दिसणारं दिसेनासं होतं." आणि दर वेळी स्वतःच हसतात. काकू दर वेळी म्हणते, "झालं? आता फी सांगा."

काकूचं रफू मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती फसवतेय असं वाटलं होतं. कोणाच्या तरी करड्या कोटाला खिळ्याने फाडलेलं नाण्याएवढं भोक होतं. तिने त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसले, एकेक, जखमेतून काटा काढावा तसे. मग उभे धागे भरले. मग आडवे, एक वरून, एक खालून, कापडाच्या मूळ विणीला विचारत विचारत. संध्याकाळी कोट माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "शोध." मी बोटांनी शोधलं, डोळ्यांनी शोधलं, उजेडासमोर धरून शोधलं. भोक नव्हतं. भोक कधी नव्हतंच. मी तोंडाचा आ वासून तिच्याकडे बघत राहिले, तर ती म्हणाली, "मिट ते. माशी जाईल."

त्यांचं लग्नही एका भोकातून झालं. काका तेव्हा तरणेबांड आणि सिगारेट ओढणारे. बाहीवर ठिणगी पडली म्हणून कोट घेऊन काकूच्या वडिलांच्या दुकानात गेले. रफू केलं काकूने. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा भोक. मग पुन्हा. काकूने तो कोट उजेडात धरला आणि सरळ तोंडावर सांगितलं, "ठिणगी पडली की भोक एका बाजूला ओघळतं. हे सरळ आणि गोल आहे. हे पडलेलं नाही, पाडलेलं आहे. कोट का जाळता? बोलायचं असेल तर बोला." काका काही न बोलता निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आईला घेऊन आले.

तर अशी ही काकू. जिच्या नजरेतून जळकं भोकसुद्धा खोटं बोलून सुटत नव्हतं, तिच्याच डोळ्यांत काहीतरी चाललं होतं, आणि ते बघायला दुकानात दोन माणसं होती. एक चष्मेवाला आणि एक ती स्वतः.

आधी तिला उकडायला लागलं. बाहेर लोक शाली गुंडाळून फिरत होते आणि आत पंख्यावरून लढाई.

"अगं, फ्रेमा उडतायत!"

"उडू देत. मी वितळतेय त्याचं काही नाही."

मग ती रोडावली. दोन माणसांचं जेवायची आणि तरी कपडे अंगावर झुलायचे. "चांगलंय," ती म्हणाली, "स्वतःचेच कपडे आवळून घेईन." मग सुईत धागा ओवताना हात कापायला लागला. त्याचा दोष तिने सुई बनवणाऱ्यांना दिला, "हल्ली भोकंच बारीक पाडतात मेले." डोळ्यांत खुपायचं, पाणी यायचं. ते लोकरीच्या तुसाने. कधी कधी दोन सुया दिसायच्या. ते थकव्याने. त्यावर तिने उपायही शोधला होता. उजवा डोळा मिटायचा आणि डाव्यानेच काम करायचं. काकांनी तिला तक्त्यासमोर बसवून तपासलंही होतं. तिने शेवटची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. काका खूश. "नंबर तोच! डोळे ठणठणीत."

आणि ते डोळे मोठे झाले. असे नाही की एका सकाळी झाले. भिंतीवरची ओल जशी पसरते, तसे. काळ्या बाहुलीभोवतीच्या तपकिरी गोलाच्या वर पांढरं दिसायला लागलं. ती साधं "काय हवंय?" विचारायची तरी समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. समोरचे शिंपीदादा तर एकदा हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, मी काय केलं?"

"काय केलंत?"

"मग अशा का बघताय, खाऊ का गिळू?"

"मी कात्री मागायला आलेय!"

"न्या न्या, दुकान न्या, पण डोळे वटारू नका."

गल्लीत तिचं नाव 'फौजदार' पडलं. काकू सुरुवातीला हसली. मग एकदा मी तिला अक्षरांच्या तक्त्याशेजारच्या आरशासमोर उभी असलेली बघितली. ती चेहरा सैल सोडत होती, गाल, कपाळ, ओठ, आणि डोळे काही सैल होत नव्हते. "मी रागावलेली नाहीये गं," ती आरशातून मला म्हणाली. "आता काय पाटी लावू का गळ्यात?"

दुपारी ती स्टुलावरच भिंतीला टेकून डुलकी काढायची. मी एकदा तिच्याशी बराच वेळ बोलत बसले. माझी तक्रार, माझी मैत्रीण, मैत्रिणीचं सगळं. ती एकटक बघत होती. मग घोरली. पापण्या पुरत्या मिटतच नव्हत्या. फटीतून पांढरं दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मग मी काय करावं? हसले. काकांना सांगितलं, काकाही हसले. "फौजदार झोपेतही पहारा देते."

मग बँडमास्तरांचा कोट आला.

बँडमास्तर म्हणजे सहा फूट उंच, मिशा त्याहून रुंद, आणि कोट लालभडक, सोनेरी बटणांचा. कोपराला फाटलेला. आतून उपसायला कापड शिल्लक नव्हतं, म्हणून काकूने पेटीतून धागा जुळवला. खिडकीपाशी बसून, उजवा डोळा मिटून. कोट न्यायला आलेल्या मास्तरांनी बाही वळवली आणि त्यांच्या मिशा खाली आल्या.

"काकू, हे काय?"

"रफू."

"ते दिसतंय."

काकूच्या रफूला 'दिसतंय' म्हणणं म्हणजे काय, हे काकांनाही कळलं. त्यांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं.

"काय दिसतंय?" काकू म्हणाली.

"हा लाल आहे, आणि हा विटेचा रंग आहे. वाजवताना हात वर गेला की लोकांना माझं कोपर दिसणार."

"एकच रंग आहे."

"काकू, माझ्यावर डोळे वटारून लाल जुळणार नाही."

"मी डोळे वटारत नाहीये!" काकू ओरडली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मनगटाने डावा डोळा चोळला. तेवढ्यात ती थांबली. डावा झाकलेला ठेवून कोपराकडे बघितलं. मग हात उजव्यावर नेला. मग पुन्हा डाव्यावर. उजवा, डावा, उजवा. मास्तरांना वाटलं असेल, बाई रडतेय. मी जवळ होते. ती रडत नव्हती, ती मोजून बघत होती.

"ठेवून जा," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. मी उसवून पुन्हा करते."

मास्तर गेले. काकूने कोट खुंटीला लावला आणि त्या दिवशी कोणाशीच भांडली नाही. हे मात्र आम्हाला खटकलं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी जुन्या पद्धतीची गोल फ्रेम मागितली. तसल्या फ्रेमांचा डबा छताजवळच्या फळीवर. काका शिडीवर चढले. खाली काकू स्टुलावर ताठ बसून कोटाची बाही उसवत होती. मी शिडी धरली होती.

"सापडला का?" मी विचारलं.

फळीवरचा त्यांचा हात मध्येच थांबला.

"काका, डबा?"

"अगं," काका म्हणाले. माझ्याशी नाही, काकूशी. "हलू नकोस. तशीच बस."

"का? पाल आहे का डोक्यावर?"

"पाल नाही. समोर बघ. नाकासमोर."

मग ते उतरले, मला तिच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पुन्हा वर चढले. मग उतरून दारातून हाक मारली, "शिंपीदादा, जरा येता का बसायला?" शिंपीदादा गळ्यात मापाची फीत घेऊन आले आणि फौजदाराच्या शेजारी बसायचंय म्हटल्यावर कडेला बसले. आम्ही तिघं ओळीने, समोर बघत. काका वरून एकेकाच्या डोक्याकडे बघतायत.

"लग्नाचा फोटो आहे का?" शिंपीदादा पुटपुटले.

"गप्प बसा. पुतणे, तू ये वर. आणि सांग काय दिसतं."

मी चढले. वरून माणसाचं काय दिसतं? भांग दिसतो, कपाळ दिसतं, नाकाचा शेंडा दिसतो. शिंपीदादांचं तेवढंच दिसलं, आणि त्यांनी लपवलेलं टक्कल. डोळे दिसत नाहीत. भुवईच्या छपराखाली आत असतात ते.

मग मी काकूकडे बघितलं, आणि माझा हात शिडीला घट्ट बसला. छपराच्या पुढे, कपाळाच्या रेषेच्या बाहेर, दोन गोल. ओले, चमकणारे, पापण्यांसकट. डावा जरा जास्तच. गेली कित्येक वर्षं मी या बाईच्या समोर बसून चहा पितेय. समोरून मला तिचा राग दिसला, थकवा दिसला, फौजदार दिसली. डोळे कुठे आहेत ते वरून दिसलं. आपण ज्याला डोळा म्हणतो तो फक्त एक झरोका असतो, आणि त्यामागे एक अख्खा गोळा असतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण मी ते बघितलं नव्हतं.

"दिसले?" काका खालून म्हणाले.

"दिसले."

काकांनी काकूचा चष्मा हळूच काढला, उलटा केला. नाकावरच्या त्या दोन गाद्या पार मागे वळलेल्या, आता मोडतील अशा. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"चष्मा वाकडा नव्हता," ते म्हणाले. "डोळे पुढे येत होते. आणि मी दर वेळी त्यांना वाट करून देत होतो."

मग काकू बोलली.

"मग माझंही एक ऐका. ओरडू नका. लाल उतरलाय."

"कुठला लाल?"

"सगळाच. डाव्या डोळ्यातला. हा कोट उजव्याने बघितला तर लाल आहे. डाव्याने बघितला तर दहा पाण्यांतून काढल्यासारखा. मी डाव्याने जुळवला. त्या डोळ्याने खोटं सांगितलं मला." तिने सुई गादीत टोचली. "अहो, दुसराही असाच झाला तर मी काय करू?"

"माझ्याकडे थेंब आहेत डोळ्यांचे, आणू का?" शिंपीदादांनी विचारलं.

"थेंब नकोत," काका म्हणाले. "डॉक्टरकडे चल."

"बाही उसवून होऊ दे. उद्या जाऊ."

"आत्ता."

"गिऱ्हाईक उभं आहे फ्रेमेसाठी!"

"गिऱ्हाइकालाही दिसतंय. आत्ता म्हणजे आत्ता." आणि गोल फ्रेमवाल्या गृहस्थांना बाहेर काढून काकांनी भर दुपारी दाराला कुलूप लावलं. दोन्ही पाट्यांखाली एकच कुलूप.

डोळ्यांची डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. तिने काकूला आधी तक्ता वाचायला लावला नाही, याचं काकांना आश्चर्य वाटलं. तिने डोळ्याच्या बाहेरच्या कडेच्या हाडावर एक छोटी पट्टी टेकवली आणि बाजूने वाकून बघितलं, इमारत कललीय का ते बघतात तशी. मग खिशातून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढलं.

"उजव्याने बघा. किती लाल?"

"शंभर नंबरी."

"आता डाव्याने?"

काकूने वेळ घेतला. "धुऊन उन्हात विसरलेलं."

डॉक्टरने मान हलवली आणि मग ती प्रश्नच विचारत गेली. उकडतं का? छातीत धडधडतं? खाऊन वजन उतरतं? हात कापतो? झोपेत डोळे मिटतात? आणि प्रत्येक प्रश्नाला आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो, कारण ही बाई आमच्या घरात राहून गेल्यासारखी बोलत होती. शेवटी तिने काकूच्या गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा. हं. थायरॉईडची ग्रंथी फार जोरात पळतेय तुमची. रक्त तपासू. डोळ्यांचं मूळही त्याच आजारात आहे."

"गळ्यातलं डोळ्यात कसं जाईल?" काकांनी विचारलं.

तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि टेबलावरचा कागदाचा बोळा तीत ठेवला. "डोळा असा हाडाच्या वाटीत बसलेला असतो. या आजारात शरीराची राखण करणारी फौज आपल्याच घरावर चालून जाते. डोळ्यामागचं मांस, चरबी सुजते. आता वाटी हाडाची. मागे जागा नाही, बाजूला जागा नाही. मग डोळा कुठे जाणार?"

"पुढे," काकू म्हणाली.

"पुढे. आणि जे पुढे येऊ शकत नाही, ते आत चेंगरतं. डोळ्याची नस. ती चेंगरली की कधी कधी आधी रंग उतरतात. लाल सगळ्यात लवकर कळतो. तक्त्यावरची अक्षरं काळी असतात, ती तेव्हाही नीट वाचता येतात."

काका जमिनीकडे बघत होते.

"आणि उशीर केला असता तर?" मी विचारलं.

"तर काळीही गेली असती. घरी जायचं नाही आता. आज दाखल व्हायचं, शिरेतून औषध सुरू करायचं." तिने लिहिता लिहिता वर बघितलं. "घरात सिगारेट कोण ओढतं?"

काकू छताकडे बघायला लागली. काका खिडकीकडे.

"धुराने हा आजार चिघळतो. ओढणाऱ्याचाही आणि शेजारी बसणाऱ्याचाही."

काकांनी खिशातलं पाकीट काढून तिच्या टेबलावर ठेवलं. "ठेवा."

"मला कशाला? कचरापेटी दाराशी आहे."

औषधाने सूज उतरली, पण नस पुरती मोकळी झाली नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी चित्र समोर ठेवून सांगितलं की डोळा आणि नाक यांच्यामध्ये हाडाची पातळ भिंत असते, ती काढायची, म्हणजे आतल्या मांसाला पसरायला जागा होईल. 'भिंत काढायची' ऐकून काका खुर्चीवर बसले. तिथे खुर्ची होती हे नशीब.

काकू मात्र चित्रावर वाकली. बोटाने त्या भिंतीवरून रेघ ओढली. "म्हणजे कपडा तंग झाला तर माणूस कापायचा नाही. शिवण सोडायची."

"अगदी," डॉक्टर हसले. "आतली शिवण. बाहेरून काही दिसणार नाही."

"मग रफूच की. करा."

माझा विश्वास बसत नव्हता. तिची भीती मला दिसत होती, हात चादरीत मुठी करून ठेवलेले. पण ती त्या चित्राकडे अशी बघत होती, जशी मी तिच्या करड्या कोटाकडे बघितलं होतं. कोणीतरी इतक्या आत, इतक्या बारीक जागी, नसेला धक्का न लावता, हात घालतं.

पट्टी सुटल्यावर काही दिवस सगळं धूसर होतं. सुजलेलं, निळंजांभळं. मग एका सकाळी ती वॉर्डातून बाहेर चालायला निघाली, एका बाजूला काका, एका बाजूला मी, आणि मध्येच थांबली. हाताने उजवा डोळा झाकला.

"अहो, ती बादली बघा."

भिंतीला आग विझवायची बादली टांगली होती.

"काय आहे बादलीत?"

"बादलीत वाळूच. बादली लाल आहे."

काकांनी बादलीकडे बघितलं. मी बघितलं. खरंच लाल होती ती. इतकी लाल, की आजवर मला दिसलीच नव्हती. चालणारे लोक थांबून आमच्याकडे बघायला लागले. तीन माणसं एका वाळूच्या बादलीसमोर उभी, आणि त्यांतला एक पुरुष डोळे पुसतोय. एक परिचारिका म्हणाली, "काही पेटलंय का?"

"नाही हो," काकू म्हणाली, "आमचं विझलं होतं."

घरी आल्यावर गोळ्या, थेंब, झोपताना पापण्यांवर मलम, उशाला जास्तीची उशी. ग्रंथी ताळ्यावर आली, हात कापायचा थांबला, पंखा बंद झाला. डोळे पुष्कळसे आत गेले. पुरते नाहीत. गल्लीत फौजदार नाव राहिलं, पण आता ते प्रेमाने. दोन सुया दिसणं थोडं उरलं होतं, त्यासाठी डॉक्टरने वेगळी काच लिहून दिली. काकांनी ती तीनदा घासून बसवली. आणि ज्या चिमट्याने त्यांनी गाद्या मागे वळवल्या होत्या, त्याच चिमट्याने त्या पुन्हा पुढे आणल्या. एकेक वाक, श्वास रोखून. पापण्या काचेला लागल्या नाहीत.

सगळं झालं. पण काकूने सुई धरली नाही.

"एकदा खोटा लाल लावला मी," ती म्हणायची. "लोकांचे कपडे आहेत. या डोळ्यांवर आता भरवसा नाही."

डॉक्टरांनी झाकण दाखवून सांगितलं, शंभर नंबरी. काकांनी सांगितलं. मी सांगितलं. बँडमास्तर दोनदा येऊन मिशा पाडून गेले. कोट खुंटीवर, बाही उसवलेली. गिऱ्हाइकं यायची आणि काकू त्यांना हात जोडून परत पाठवायची. मग खिडकीपाशी बसून रिकामे हात बघत राहायची. काका सिगारेट सोडल्यापासून बडीशेप चघळायचे आणि तिच्या पाठीकडे बघत राहायचे.

परवा सकाळी हवेत गारठा होता. काका स्वेटर घालून बसले होते, जुना, गडद लाल, जवळजवळ काळपट. काकू त्यांच्यामागून चहा घेऊन गेली. चार पावलं पुढे गेली. मागे आली.

"हे काय?"

"कुठे काय?"

"बाहीला. कोपराच्या वर, आतल्या बाजूला."

"काही नाही तिथे."

"काढा."

"अगं, थंडी आहे."

"काढा म्हणते ना!"

मी उठून बघितलं. मला काही दिसेना. काकांनी हातातलं भिंग लावून बघितल्यासारखं केलं, त्यांनाही म्हणे दिसेना. काकूने स्वेटर ओढून घेतला, खिडकीपाशी नेला आणि नखाने दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक. काळपट लालावर काळी कड. हे तिला चालता चालता दिसलं होतं.

"सिगारेट," ती म्हणाली.

"मी सोडलीय."

"मग काय उंदराने ओढली?"

"जुनं असेल."

"जुनं? या स्वेटरचं प्रत्येक भोक मी भरलंय, मला जुनं शिकवता? डॉक्टरने काय सांगितलं होतं? माझे डोळे—"

ती बोलता बोलता थांबली. भोक डोळ्याजवळ नेलं. हुंगलं. उजवा डोळा मिटून बघितलं, डावा मिटून बघितलं, मग दोन्ही उघडे. बोट मात्र आपोआप आतल्या शिवणीवर गेलं, एक धागा सापडला, सुटला. तो तिने भोकाशी धरला, मान हलवली, नको म्हणाली स्वतःशीच. पायाने धाग्यांची पेटी ओढली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचं झाकण उघडलं. लालांच्या कप्प्यात हात घातला. सातआठ लाल होते, मला सगळे एकच वाटत होते. तिने न थांबता एक उचलला, भोकावर ठेवला, आणि तो दिसेनासा झाला.

सुईत धागा पहिल्याच वेळी गेला.

"ठिणगी पडली की भोक ओघळतं," काकू मान वर न करता म्हणाली. आवाज बदलला होता. "हे सरळ आहे. गोल आहे. हात न हलवता, नेम धरून केलंय. पुन्हा तेच? या वयात?"

काका फ्रेमा सारख्या करायला लागले. त्या सारख्याच होत्या.

"इकडे बघा. मी रागावलेली नाहीये. डोळेच तसे आहेत." तिने सुई थांबवली. "फक्त एवढं सांगा. पेटवलीत ती ओढलीत, की नुसती टेकवलीत?"

काकांनी हातातली फ्रेम जागेवर ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिच्याकडे एकदा बघितलं आणि स्वेटर तिच्याच हातात सोडून, तसल्या गारठ्यात, नुसत्या सदऱ्यावर, त्या कोटाच्या वेळेसारखेच, पायरी उतरून चालायला लागले.